साळुंकीच्या तीन खोडी

एका राज्यात एक नदी होती. नदीला पाणी होतं, पाण्याला ओढ होती, दोन्ही काठांना माणसं होती. पण या काठाचं माणूस त्या काठाला जात नव्हतं आणि त्या काठाचं या काठाला येत नव्हतं, कारण नदीत नाव नव्हती. अगदीच नव्हती असं नाही, एक होती. तिचीच ही कथा आहे, तेव्हा सावरून बसा.

त्या राज्याच्या घाटावर नव्व्याण्णव खुंटे होते. नावा बांधतात तसले लाकडी खुंटे. पण कुणा खुंट्याला मुंडाशाचा आकार होता, कुणाला मिशा होत्या, एकाच्या तर कानात भिकबाळी लोंबत होती. कारण ते खुंटे म्हणजे माणसं होती.

त्याचं असं झालं. साठ वर्षांपूर्वी तिथल्या सिंहध्वज राजाने आपली जुनी मयूरनौका भस्मकेतू नावाच्या जादूगाराला विकली. नौकेच्या तळाला मुठीएवढं भोक होतं. राजाने ते मेणाने बुजवलं, वर निळा रंग दिला, आणि सौदा होताना नौकेच्या तोंडावर रंगवलेल्या दोन डोळ्यांवर आपला शेला टाकला. नौका नदीच्या मध्यावर गेली, मेण सुटलं, नौका बुडाली. जादूगाराची मंत्रांची पेटी तळाला गेली आणि जादूगार शिंकत शिंकत काठाला लागला. ओल्या अंगानेच त्याने शाप दिला.

“या राज्यात जो खोड लपवून नाव विकेल, त्याची लपवलेली खोड मध्यावर उघडी पडेल, आणि विकणारा घाटावर खुंटा होईल. साठाव्या दसऱ्याला सूर्य बुडताच खुंट्यांना मुळं फुटतील, मग त्यांना मीही सोडवू शकणार नाही. तोवर एक जरी जुनी नाव सगळ्या खोडी सांगून विकली गेली, घेणाऱ्याने गरजेने, आनंदाने घेतली, आणि ती मध्य ओलांडून गेली, तर शाप तुटेल.”

सिंहध्वज राजा त्याच दिवशी नाहीसा झाला. लोक म्हणाले, वनात गेला.

आता कोणी म्हणेल, एवढं सोपं? खोड सांगा आणि मोकळे व्हा! पण राजाने शेला टाकलेला लोकांनी पाहिला होता, आणि राजा करील ती रीत. तेव्हापासून त्या राज्यात सौद्याच्या वेळी नावेच्या डोळ्यांवर उपरणं टाकू लागले. का टाकायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून कारण शोधलं. आपली खोड ऐकली की नाव रुसते आणि रुसली की बुडवते. म्हणून किनाऱ्यावर खोडीचा शब्द काढायचा नाही! खुंट्यामागून खुंटा उभा राहिला, पण रीत काही सुटली नाही. नव्या नावा करणारे सुतारसुद्धा फळीतली गाठ लपवून खुंटे झाले, तेव्हा उरलेल्यांनी शेताचे नांगर घडवायला घेतले. जुन्या नावा कुजल्या. माणूस बुडेल पण रीत सोडणार नाही, हे आपल्याला काय नवीन आहे?

नव्व्याण्णवावा खुंटा होता रायाजी तांडेलाचा. बारा वर्षांपूर्वी त्याने आपली साळुंकी नावाची नाव एका जवाहिऱ्याला विकली. साळुंकी मध्यावर गेली आणि काय झालं कोण जाणे, गर्रकन वळली आणि घाटाकडे परत निघाली. जवाहिऱ्याने घाबरून उडी टाकली, पोहत आला, दिलेलं परत घेतलं आणि पुन्हा या राज्याचं तोंड पाहिलं नाही. रायाजी उभ्या उभ्या खुंटा झाला. लोक म्हणाले, “साळुंकी डावीकडे ओढते, ती खोड रायाजीने लपवली, म्हणून नाव फिरली.”

रायाजीची मुलगी लवंगी तेव्हा सात वर्षांची होती. ती काही बोलली नाही. आता ती एकोणीस वर्षांची झाली होती, अंगाने बारीक, जिभेने तिखट, नावाला शोभेल अशी. मध्यावरून फिरणाऱ्या नावेतून पलीकडे जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती रोज साळुंकीत बसून काठाकाठाने मासे धरी, संध्याकाळी नाव बापाच्याच खुंट्याला बांधी, आणि गाठ मारताना म्हणे, “आबा, आज दोर जरा सैल ठेवलाय हां, लागत असेल तर.”

खुंटा काय बोलणार?

साठावा दसरा चार दिवसांवर आला तेव्हा दवंडी पिटली गेली. सिंहध्वजाचा नातू मेघध्वज आता राज्य करत होता. “ऐका हो ऐका! राज्यात एकच जुनी नाव उरली आहे. लवंगी तांडेलीण ती नाव दसऱ्याला घाटावर विकेल. खरी विकेल तर नव्व्याण्णव घरं उभी राहतील, खोटी विकेल तर शंभरावा खुंटा होईल!”

लवंगीने हातातलं जाळं टाकलं. ती धावत घाटावर आली. बापाच्या खुंट्यावर एक निळा खंड्या बसला होता. तो नेहमीच तिथे बसे. पण आज तो बोलला.

“पोरी, नाव विकायची तर तीन कामं कर.”

“पाखरा, तुला काय कळतं नावेतलं?”

“माझ्या जिभेला खोटं बोलता येत नाही, एवढं कळतं. पहिलं काम. हिचा रंग खरवड.”

लवंगी हसली. “लोक रंग लावून विकतात. खरवडून कोण विकतो?”

“रंग लावून विकणारे तुझ्यापुढे रांगेत उभे आहेत,” खंड्या म्हणाला.

लवंगीने खुंट्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि काथ्याची मूठ उचलली. दिवसभर वाळूने आणि काथ्याने तिने साळुंकीचा लाल रंग खरवडला. तळाशी उजव्या बाजूला एका फळीचा सांधा उघडा पडला. चार वर्षांपूर्वी नाव खडकावर आपटली होती. लवंगीनेच तिथे कापूस आणि राळ भरून, दिसायला बरं दिसावं म्हणून वर रंग फासला होता. फासला आणि विसरून गेली. आता तिने नाव पाण्यात ढकलली आणि मोजलं, घटकेला एक ओंजळ पाणी आत येत होतं.

“पहिली खोड सापडली,” खंड्या म्हणाला. “दुसरं काम. तीनदा वल्हव. रिकामी वल्हव, दगड भरून वल्हव, प्रवाहाविरुद्ध वल्हव.”

दुसऱ्या दिवशी लवंगीने तीनदा वल्हवली. रिकामी असली तरी नाव डावीकडे ओढे, भरलेली असली तरी डावीकडे ओढे, प्रवाहाविरुद्ध तर हट्टी म्हशीसारखी डावीकडे ओढे. लवंगीचे दंड भरून आले. पण एक नवीनच गोष्ट कळली. पलीकडे जाताना प्रवाह नावेला उजवीकडे रेटतो, आणि नाव डावीकडे ओढते. दोघांच्या भांडणात नाव सरळ जाते! लवंगीने टाळी वाजवली. बारा वर्षं ज्या खोडीला सगळा गाव शिव्या देत होता, ती अर्ध्या वाटेपुरती तरी गुणाची निघाली.

“दुसरी सापडली,” खंड्या म्हणाला. “तिसरं काम. तिसरी खोड घेऊन ये.”

“तिसरी नाही.”

“आहे.”

“मला ठाऊक नाही.”

“ठाऊक आहे,” खंड्या म्हणाला. “सौद्यात ती आधी सांग. मोठी खोड आधी सांगावी, म्हणजे लहान ऐकायला माणूस थांबतो. आणि हिच्या डोळ्यांवर काही टाकू देऊ नकोस.”

लवंगीने खडा उचलला आणि पाखराला मारला. खडा लागला नाही. तिसरा सगळा दिवस ती बापाच्या खुंट्याला टेकून बसून राहिली.

दसरा उजाडला. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. नव्व्याण्णव घरांची माणसं आपापल्या खुंट्यापाशी उभी होती. कुणी खुंट्याला हळदकुंकू लावलं होतं, कुणी आपट्याची पानं वाहिली होती. सर्वांत वरच्या पायरीवर भस्मकेतू जादूगार बसला होता. साठ वर्षं झाली तरी त्याचे कपडे ओलेच होते, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. त्याचं घर पलीकडच्या काठाला होतं, पण त्या दिवसापासून तो कुठल्याही नावेत बसला नव्हता.

घाटपाटील पुढे आला आणि त्याने आपलं उपरणं साळुंकीच्या डोळ्यांवर टाकलं. लवंगी “नको” म्हणणार होती, पण एवढ्या लोकांसमोर तिची जीभ उचलली नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं माणकोजी व्यापारी. “नाव देखणी नाही,” तो म्हणाला. “पण मजबूत आहे ना? मला मिठाची पोती न्यायची आहेत.”

“सांधा गळतो, शेठजी. घटकेला ओंजळभर पाणी.”

गर्दीने कानांवर हात ठेवले. किनाऱ्यावर खोडीचा शब्द! पण आकाश कोसळलं नाही. माणकोजी मात्र कपाळाला हात लावून म्हणाला, “मीठ आणि पाणी? बाई, तू नाव विकतेस की माझं दिवाळं काढतेस?” आणि बाकीच्या खोडी न ऐकताच चालता झाला.

सूर्य माथ्यावरून कलला. दुसरं गिऱ्हाईक कोणी येईना. तेव्हा पालखीतून खुद्द मेघध्वज राजा उतरला.

“मुली, खोडी सांग. मी नाव घेतो.”

“महाराज, सांधा गळतो. नाव डावीकडे ओढते. आणि...” लवंगी थांबली.

“पुरे, पुरे. कसल्याही खोडी असोत. मला ही नाव फार आवडली. मला हिची फार गरज आहे,” राजा घाईने म्हणाला, आणि लोकांनी जयजयकार केला.

जयजयकार अर्ध्यातच विरला. राजाचे जोडे सागवानी झाले. मग घोटे सागवानी झाले. मग पोटऱ्यांवर लाकडाच्या रेघा चढू लागल्या.

“महाराज, खरं बोला!” लवंगी ओरडली.

“नको मला नाव!” राजा किंचाळला. “मला पोहता येत नाही! मी पाण्याला भितो! प्रजेसाठी खोटं बोललो!”

लाकूड उतरलं. राजा पायरीवर मटकन बसला आणि आपली बोटं मोजू लागला. वरच्या पायरीवरून भस्मकेतू म्हणाला, “गरज नसताना घेणं हेही खोटंच, राजा. घराणं तेच दिसतंय.”

सूर्य डोंगराच्या दोन हात वर राहिला. खुंट्यांच्या बुडाशी माती फुगली. कुणाची तरी आई मोठ्याने रडू लागली. लवंगीने बापाच्या खुंट्याकडे पाहिलं. बुडातून केसाएवढं एक पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं.

इतक्यात नदीतून एक बाई वर आली. दोन्ही बगलांत वाळलेले भोपळे, डोक्यावर बोचकं, आणि ओठ थंडीने निळे. ती होती आवडाई सुईण. पलीकडे नेणारी नाव नव्हती, पण बायका दोन्ही काठांना बाळंत होत होत्या. म्हणून आवडाई तीस वर्षं भोपळ्यांवर तरंगत एकटीच नदी ओलांडत होती. अंगात बळ होतं तोवर भागलं, आता सत्तरी आली होती.

“मुलगी झाली,” तिने भोपळे खाली टाकत सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. “आणि इथे काय जत्रा आहे? नाव विकताय? मला सांगायचं नाही का गं कुणी? मला हवी आहे नाव! गेल्या वर्षी भोपळा फुटला, पोचायला उशीर झाला, आणि एक बाळ हाती लागलं नाही. तेव्हापासून मला सुखाने घास गिळवत नाही.”

 लवंगीने वाकून साळुंकीच्या डोळ्यांवरचं उपरणं ओढलं आणि नदीत भिरकावलं. घाटपाटील “अगं अगं” करत राहिला. साळुंकीने डोळ्यांची उघडझाप केली, सकाळपासून झाकलेले होते ना!

“आवडाई, मोठी खोड आधी ऐक,” लवंगी म्हणाली. आवाज मोठा होता. “ही नाव माझ्या हाकेला परत फिरते. आबांनी ही विकली तेव्हा मी या पायरीवर उभी होते. माझी नाव चालली म्हणून मला रडू फुटलं, आणि मी हाक मारली, ‘साळुंके, ये गं!’ गलक्यात ती कुणाला ऐकू गेली नाही, पण मध्यावरून नाव वळली ती त्या हाकेने. डावीकडे ओढते म्हणून नाही. आबांना ही खोड ठाऊक होती. पण ती सांगायची तर चारचौघांत मला पुढे करावं लागलं असतं. आबांनी खोड लपवली नाही, मला लपवलं. बारा वर्षं लोक त्यांना नावं ठेवत राहिले आणि मी ऐकत राहिले.”

 खंड्याने मान खाली घातली.

“दुसरी खोड, सांधा गळतो. घटकेला ओंजळभर.”

“माझ्याजवळ बोचकं तेवढं असतं. लोट्याने उपसून टाकीन,” आवडाई म्हणाली. “पुढे?”

“डावीकडे ओढते. जाताना प्रवाहाशी भांडून सरळ जाते. येताना मात्र दंड भरून येतील. खोटं कशाला सांगू?”

“जाताना घाई असते पोरी, येताना कसली? येताना वल्हवीन रमतगमत. पण तुझी ती पहिली खोड...” आवडाईचे डोळे चमकले. “अगं, परतीच्या वाटेला माझे डोळे मिटतात. कधी नाव काठाला सोडून मी आत वाडीत असेन आणि पाणी चढेल. मला हाकेला येणारीच नाव हवी! तिला खोड कोण म्हणतं? फक्त हाक कुणाची, ते ठरव.”

“आजपासून तुझी,” लवंगी म्हणाली. “मी पुन्हा हाक मारणार नाही.”

आवडाईने हातातले चांदीचे दोन्ही गोठ काढले. लवंगीने एकच घेतला. “सांधा गळका आहे, एकच पुरे.” मग तिने आवडाईला हाकेची चाल शिकवली. ‘साळुंके’ उंच धरायचं, ‘ये गं’ खाली सोडायचं. आवडाईचा आवाज फुटका होता, पण चाल बसली. शेवटी लवंगीने बापाच्या खुंट्याचा दोर सोडला आणि नावेच्या तोंडावरून हात फिरवला. “जा बाई,” एवढंच ती म्हणाली.

सूर्य डोंगराला टेकला. साळुंकी निघाली. पाव नदी गेली, तिसरा हिस्सा गेला, मध्य आला.

मध्यावर साळुंकी थांबली.

नावेचं तोंड हळूहळू घाटाकडे वळलं, आणि दोन रंगवलेले डोळे गर्दीत कुणाला तरी शोधू लागले. घाटावर हंबरडा फुटला. खुंट्यांची मुळं सळसळत मातीत शिरू लागली. लवंगीच्या घशात हाक आली. बारा वर्षं रोज मनात मारलेली हाक ती, आतून धडका देत होती. एकदाच, फक्त एकदा, तिला कळावं की मी इथे आहे म्हणून!

लवंगीने नदीकडे पाठ फिरवली, बापाच्या खुंट्याला मिठी मारली आणि दात ओठांत रुतवले. ओठातून रक्त आलं, पण शब्द आला नाही.

मग पाण्यावरून एक फुटका, म्हातारा आवाज आला. “साळुंके, ये गं! चल माझे बाई, पलीकडे पाळणा हलायचा आहे!”

साळुंकीने एकदा डोळे मिटले. उघडले. आणि वळली ती सरळ पलीकडच्या काठाला!

लवंगीने ते पाहिलंच नाही. तिने कान लावलेल्या लाकडात काहीतरी धडधडलं, एवढं तिला कळलं. लाकूड ऊन झालं. मग लाकडाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“लवंगे,” रायाजी म्हणाला, “दोर सैल ठेवायचीस ते बरं करायचीस.”

मग घाटावर जो गलका झाला तो काय सांगावा! नव्व्याण्णव माणसं एकदम जांभया देऊ लागली. भिकबाळीवाल्याची बायको त्याला मिठी मारू की रागावू या घोळात दोन्ही करत होती. रायाजीच्या डोक्यावरचा खंड्या एकाएकी दाढीवाला म्हातारा झाला, आणि त्याच्या भाराने दोघेही पायरीवर आदळले. मेघध्वज राजा ओरडला, “आजोबा!” कारण तो शापाच्या दिवशीच खंड्या झालेला सिंहध्वज राजा होता.

सिंहध्वज मात्र नातवाकडे गेला नाही. तो पायऱ्या चढून भस्मकेतूपुढे उभा राहिला.

“भोक मुठीएवढं होतं,” तो म्हणाला. “मला ठाऊक होतं.”

“साठ वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं,” जादूगार म्हणाला, आणि त्याचे कपडे वाळले. नदीच्या मध्यावर त्याची मंत्रांची पेटी बूच सुटल्यासारखी वर आली. आवडाईने परतताना ती दोराने ओढून आणली. भस्मकेतूने पेटीकडे पाहिलं, नावेकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “मला पलीकडे सोडशील?”

“सोडीन की. पण उजवीकडे बसू नका, तिथून पाणी येतं. आणि नाव डावीकडे ओढते, तेव्हा घाबरायचं नाही.”

साठ वर्षांत जादूगार पहिल्यांदाच हसला, आणि खोडी सांगितलेल्या नावेत निर्धास्त बसून आपल्या घरी गेला. मेघध्वज राजाने त्याच संध्याकाळी दुसरी दवंडी पिटवली. यापुढे सौदा होताना नावेचे डोळे झाकायचे नाहीत, पाण्याने धुवायचे, आणि मोठी खोड आधी सांगायची. सुतारांनी नांगर ठेवले आणि पुन्हा नावांच्या फळ्या तासायला घेतल्या.

बाप-लेक घरी निघाली तेव्हा रायाजीने विचारलं, “खोडी सांगितल्यास ना गं सगळ्या?”

“तिन्ही, आबा.”

“तिसरीसुद्धा?”

“तिसरी आधी.”

 रायाजीने मुलीचा हात घट्ट धरला, आणि बारा वर्षांनी पाय उचलून चालायला लागल्यामुळे दोनदा ठेचाळला.

पुढे लवंगीने बापाबरोबर नवी नाव केली. तिच्या फळीत एक गाठ होती, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा दाखवी. साळुंकी अजून संध्याकाळची घाटावरून जाते, आवडाई आत डुलक्या घेत असते. तेव्हा लवंगी पायरीवर येऊन हात हलवते. हाक मारत नाही. आणि साळुंकी, तिच्याकडे बघत बघत, थोडी डावीकडे ओढते.

त्यांची नाव पार झाली, तशी तुमची होवो. आणि मध्ये कुठे गळत असेल, तर निघण्याआधीच सांगा.